बोडक्या टेकडीची पळसपरी

आटपाट नगराच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही त्या नगराची नाही. ही आहे एका साध्यासुध्या शहराची. तिथे रस्त्यावर रिक्षा पोंपों करत धावायच्या, गच्चीगच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या बसलेल्या असायच्या आणि घरांना घरं खेटून उभी असायची. या सगळ्या घरांच्या ऐन मधोमध एक टेकडी होती. तिच्यावर ना झाड, ना झुडूप, ना सावलीचा एवढासा ठिपका. लोक तिला ‘बोडकी टेकडी’ म्हणत. असं तोंडावर म्हणतात का कुणाला? पण म्हणत खरे.

नाही म्हणायला पलीकडच्या अंगाला, कड्याच्या अगदी टोकावर, एक म्हातारा पळस होता. तिथे सहसा कुणी फिरकायचं नाही, म्हणून तो वाचला होता.

टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या एका खोलीत शेवंती राहायची. वय वर्षं सात, दोन आखूड वेण्या, आणि ओठांवर सदा एकच शब्द: ‘का?’ चिमणी धुळीत का लोळते? सावली दुपारी आखूड का होते? दुसरीच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, “शेवंती, तुझे प्रश्न संपले की सांग हं. मग मी फळा पुसते.”

तिचे बाबा देवाघरी गेले होते. आई, गोदाबाई, पत्रावळी करायची. पळसाची हिरवीगार पानं एकाला एक लावायची आणि नारळाच्या हिराच्या बारीक काड्यांनी टचटच टाचायची. बघता बघता गोल, सुबक पत्रावळ तयार! शहरातल्या देवळांत महाप्रसाद असला की गोदाबाईच्याच पत्रावळी लागायच्या. पण पानं आणायची कुठून? पहाटे उठून, बसने जाऊन, पुढे दोन डोंगर चालून जंगल गाठायचं आणि संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन परत यायचं. चालून चालून गोदाबाईचा उजवा गुडघा सुजायला लागला होता.

एके संध्याकाळी गुडघ्याला शेक देत ती म्हणाली, “शेवू, तुझी चौथी होईस्तोवर मी कसंबसं ओढते बघ. मग आपण जंगलाकडंच ऱ्हायला जाऊ.”

“तिथे शाळा आहे?”

“न्हाई गं बाय.”

“मग मी प्रश्न कुणाला विचारू?”

गोदाबाईने तिला जवळ घेतलं. शेवंतीला त्या रात्री फार वाईट वाटलं. चौथी म्हणजे काही फार लांब नव्हती.

फाल्गुन महिना आला. आता त्या टेकडीची एक रीत होती. धोंडिबा गवळी दर फाल्गुनात तिथलं वाळकं गवत पेटवून द्यायचा. जाळलं की नवं गवत कोवळं येतं आणि म्हशी ते आवडीने खातात, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशीही त्याने गवत पेटवलं. आग तडतडत कड्यापर्यंत गेली आणि विझली. शाळेतून येताना शेवंतीला काळ्या टेकडीवर काहीतरी केशरी लुकलुकताना दिसलं. आता हे काय बरं? ती लगेच वर चढली.

म्हातारा पळस नखशिखांत फुलला होता. केशरी, लालचुटूक, झळाळती फुलं! खाली मात्र त्याच्या बुंध्याशी अजून निखारे धुमसत होते. शेवंतीला तहान लागली होती आणि बाटलीत चार घोटच पाणी उरलं होतं. तिने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. मग सगळं पाणी तिने निखाऱ्यांवर ओतलं. चर्र्र आवाज झाला आणि निखारे विझले.

“हुश्श!” वरून किणकिणता आवाज आला. “पायांना चटके बसत होते गं माझ्या!”

खालच्या फांदीवर करंगळीएवढी एक परी बसली होती. पाकळीचा केशरी झगा, डोक्यावर काळी मखमली टोपी, आणि पाठीवर पातळ पातळ पंख. त्यांत उन्हाची तिरीप शिरली की सात रंग नाचायचे. उजव्या पंखाची कड मात्र करपून तपकिरी झाली होती.

“तू कोण?” शेवंतीने डोळे विस्फारले.

“मी पळसपरी. तू तहानलेली असताना मला पाणी दिलंस. आता तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम आहेत हं! पळस फुलला की वर्षातून एकच इच्छा मागायची. दिलेलं परत घ्यायचं नाही. आणि मागायचं ते मुठीत मावेल एवढंच.”

“एवढंच का?”

“मीच मुळी एवढीशी आहे! मोठं देऊ कुठून?”

शेवंतीने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिला तर अख्खं जंगल हवं होतं. घराजवळ जंगल असलं तर आईला चालावं लागणार नाही आणि शाळाही सुटणार नाही. पण जंगल काही मुठीत मावत नाही. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“मला मूठभर बिया दे! पळसाच्या!”

परी गालात हसली. तिने टोपी झटकली आणि शेवंतीच्या मुठीत तांबूस, चपट्या, चकचकीत बिया आल्या. पावसाळ्यात शेवंतीने त्या टेकडीवर जागोजागी पेरल्या. इवले इवले कोंब आले, त्यांना चिमणी चिमणी पानं फुटली. शेवंती रोज त्यांना मोजायची आणि प्रत्येकाची विचारपूस करायची.

आणि मग पुन्हा फाल्गुन आला. धोंडिबाने रीतीप्रमाणे गवत पेटवलं. एका दुपारी सगळं खलास.

शेवंती धाय मोकलून रडली. मग नाक पुसत पुसत म्हाताऱ्या पळसाकडे गेली. आता ती तिसरीत होती आणि नुसतं रडत बसणाऱ्यांतली नव्हती.

“माग,” पळसपरी हळूच म्हणाली. “अजून बिया देऊ?”

शेवंती म्हणणारच होती, “हो, दे.” पण तिच्या मनात प्रश्नांची भुणभुण चालू होती. बिया द्यायच्या, त्या उगवायच्या आणि पुन्हा जळायच्या? आणि पूर्वी इथे जंगल होतं म्हणतात, मग ते गेलं कुठे? एवढी मोठी झाडं, ती अशी साफ नाहीशी होतात?

“मला बिया नकोत,” ती म्हणाली. “मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. जंगल परत का येत नाही? उत्तर मुठीत मावतं ना?”

“अगदी मावतं!” परीने आनंदाने टाळ्या पिटल्या. तिच्या टाळ्यांतून केशरी ठिणग्या उडाल्या, पण त्या गार होत्या, दवासारख्या. “खालची मूठभर माती उचल आणि कानाशी धर.”

शेवंतीने माती कानाशी धरली. आधी काहीच नाही. मग खोल कुठून तरी, पांघरुणाखालून बोलल्यासारखं, कुणीतरी कुजबुजलं.

“उठायचं का रे?”

“नको. मागच्या खेपेला उठलो, तर कुणीतरी पानं खुडली.”

“त्याच्या आधी उठलो, तर भाजलो.”

“मग निजू या अजून थोडं.”

शेवंतीच्या अंगावर काटा आला. ती धावत घरी गेली, खुरपं घेऊन आली आणि खणायला लागली. टेकडीवर दर वैशाखात जमिनीतून पळसाचे चार-दोन फुटवे डोकं वर काढायचे, तशीच एक जागा तिने निवडली. वीतभर खणलं. हातभर खणलं. आणि खाली निघालं एक मूळ! तिच्या दंडाहून जाड, काळपट, गाठीगाठींचं. वरचं झाड कधीच तोडलं गेलं होतं. पण मूळ? शेवंतीने नखाने साल खरवडली. आत ते ओलं होतं.

त्या संध्याकाळी आईला हाताला धरून तिने तिथे आणलं. गोदाबाई लंगडत आली, वाकली आणि तिने मुळावर हात ठेवला.

“जितं हाय गं हे,” ती पुटपुटली. “आन् मी म्हणायचे, टेकडी मेली.”

“आई, यांना दरसाल पानं फुटतात. मग ती जातात कुठे?”

गोदाबाईने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. वैशाखात बस पकडायला जाताना ती आणि वस्तीतल्या बाया याच वाटेने जायच्या. फुटव्यांची पानं कोवळी, रुंद, लुसलुशीत! टाचायला किती सोपी! जाता जाता त्या ती खुडायच्या आणि पदरात टाकायच्या. पाच-पन्नास पानं झाली तरी तेवढाच भारा हलका. शेंडासुद्धा ठेवायच्या नाहीत.

“मीच खाल्लं की गं तुझं जंगल,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

शेवंतीने आईचे डोळे फ्रॉकने पुसले. “खाल्लं नाहीस. निजवलंस फक्त. आता नको खुडूस.”

“न्हाई खुडणार. तुझी शपथ! आन् बायांनाबी सांगते.”

उरला धोंडिबा. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि मन लोण्याचं. शेवंती त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

“धोंडिबाकाका, तुम्ही गवत का जाळता?”

“माझा बा जाळायचा, म्हणून मी जाळतो.”

“आणि ते का जाळायचे?”

“त्यांचा बा जाळायचा!”

“आणि त्यांचा—”

“आगं थांब, थांब! म्हशी दूध चोरतील तुझ्या प्रश्नांनी!” धोंडिबा हसत म्हणाला. “जाळलं की गवत ब्येस येतं पोरी. समद्यांना ठाऊक हाय.”

“बघितलंय कुणी? न जाळता?”

धोंडिबाने मिशी खाजवली. न जाळता कुणी बघितलं नव्हतं.

“मग बघू या! पुढच्या फाल्गुनात अर्धी टेकडी जाळा, अर्धी ठेवा. ठेवलेल्या अर्ध्यातलं गवत मी विळ्याने कापून देते. मग बघू कुठलं चांगलं येतं.”

एवढीशी पोर पैज लावते म्हटल्यावर गवळ्याला माघार घेता येईना. “लागली पैज!” तो म्हणाला.

त्या वैशाखात टेकडीवर फुटवे आले आणि कुणी ते खुडले नाहीत. ज्येष्ठात गुडघ्याएवढे झाले, श्रावणात शेवंतीच्या कमरेला लागले. त्यांच्यावर चिमुकले सूर्यपक्षी येऊन बसले, निळे, जांभळे, चमचमते. बुलबुल आले. बुलबुलांनी कुठे कुठे खाल्लेल्या फळांच्या बिया इथे शिटल्या, आणि त्यांतून बोर उगवली, उंबर उगवला. सांगायला जरा घाण वाटतं, पण जंगल असंच येतं, त्याला कोण काय करणार! मुंग्यांनी माती भुसभुशीत केली. तरवड पिवळाधमक फुलला. पडलेली पानं कुणी झाडली नाहीत, ती कुजली आणि त्यांच्याखाली ओल धरून राहिली. शेवंती रोज नवीन कोण आलं ते बघायला जायची, आणि रोज कुणीतरी आलेलं असायचं.

त्याच श्रावणात देवळातून पाचशे पत्रावळींचं काम आलं. गोदाबाईचा गुडघा त्या दिवशी भोपळ्याएवढा सुजला होता. ती फुटव्यांपाशी उभी राहिली. समोर थाळीएवढी हिरवी पानं डुलत होती. तिने हात पुढे केला. शेवंती मागून बघत होती. गोदाबाईने पानावरून नुसता हात फिरवला, मागे घेतला, आणि लंगडत बसकडे निघाली. शेवंतीला आईचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि तिची एवढी कीवही कधी आली नव्हती.

तिसरा फाल्गुन आला. आग पसरू नये म्हणून धोंडिबाने मधली चार हात पट्टी साफ केली, पलीकडची अर्धी टेकडी जाळली, आणि अलीकडची अर्धी शेवंतीच्या विळ्यावर सोडली. कापलेलं गवत म्हशींनी चाटूनपुसून खाल्लं. धोंडिबाने दोन्हीकडची माती हातात घेऊन पाहिली. जळलेली मुठीतून भुरुभुरु उडाली. न जळलेलीचा लाडू वळला. ओल धरणाऱ्या मातीतच गवत जोमाने येणार, हे गवळ्याला कुणी सांगायला नको होतं.

“हरलो पोरी!” तो ओरडला. “माझा बा हरला आन् त्याचा बा बी हरला!”

पण शेवंतीला हसू फुटेना. चौथीची परीक्षा तोंडावर आली होती. फुटव्यांना पुरती पानं यायला अजून दोन पावसाळे तरी हवे होते, आणि आईला आता दोन पावलंही चालवत नव्हतं. त्या सकाळी गोदाबाई गाठोडं बांधत होती.

“कुठंबी गेलं तरी पळसाला पानं तीनच,” ती सुस्कारा टाकून म्हणाली. “हाल काय चुकायचे न्हाईत, पर तिथं चालणं तरी वाचंल. परीक्षा झाली की निघू.”

शेवंती धावत सुटली. काट्याकुट्यांतून, धापा टाकत, थेट म्हाताऱ्या पळसापाशी. काय मागायचं ते तिने वाटेतच ठरवलं होतं. आईच्या गुडघ्यासाठी मूठभर औषध! ते तर मुठीत सहज मावतं.

पळसपरी त्याच खालच्या फांदीवर बसली होती. तिचा झगा फिका पडला होता आणि पंखांतले सात रंग आता नाचत नव्हते.

“माग शेवंती. शेवटची आहे.”

शेवंतीने तोंड उघडलं. पण तुम्हाला तिची खोड ठाऊकच आहे. आधी प्रश्न आला.

“परी, तू दर वर्षी याच फांदीवर का असतेस? उडत का नाहीस?”

परीने पंख पाठीमागे लपवला. “तो जळाला ना आगीत. मला उडता येत नाही.”

“आणि आधी तू उडून काय करायचीस?”

“मुळांना उठवायचे. सगळ्या टेकडीवरून फिरायचे आणि हाका मारायचे. आता माझी हाक या फांदीपुढे जात नाही.”

“मग स्वतःच नवा पंख का नाही घेतलास?”

“परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही, बाळ. तोही नियमच आहे.”

 शेवंतीला आईचा सुजलेला गुडघा आठवला. गाठोडं आठवलं. आपली शाळा, आपल्या बाई, काळा फळा.  फांदीवर मात्र एवढीशी परी बसली होती, तीन फाल्गुन, एकटी, आणि तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवंती मोठ्याने रडायला लागली आणि रडत रडतच तिने मूठ पुढे केली.

“मला... मला एक पंख दे. तुझ्या मापाचा.”

“शेवंती! परत घेता येणार नाही हं!”

“ठाऊक आहे मला!” शेवंती जवळजवळ रागानेच म्हणाली. “दे लवकर, नाहीतर माझा विचार बदलेल!”

तिच्या मुठीत गुदगुल्या झाल्या. मूठ उघडली, तर तळहातावर एक पंख होता, दवाने विणल्यासारखा, झिलमिल झिलमिल. शेवंतीने तो अलगद परीच्या पाठीला लावला. परीने एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. आणि भुर्रकन उंच उडाली!

टेकडीवरून केशरी उजेडाची एक रेघ फिरू लागली. जिथून ती जाई तिथून उजेडाचे इवले इवले थेंब मातीत पडत. परीची हाक घुमत होती, “उठा रे, उठा! आता कुणी खुडत नाही! आता कुणी जाळत नाही!” आणि मातीखालून जांभया ऐकू येऊ लागल्या. शेकडो जांभया! परीने शेवंतीच्या दोन्ही गालांना चिमुकल्या ओठांनी पापे दिले. मग तिचा उजेड वाढत गेला, केशरीचा सोनेरी झाला, सोनेरीचा पांढराशुभ्र झाला, आणि त्या लखलखाटात ती दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी उरलेलं सामान बांधता बांधता गोदाबाईने दार उघडलं आणि तिच्या हातातलं गाठोडं गळून पडलं. अख्खी टेकडी हिरवी झाली होती. जळलेली बाजूसुद्धा! डोक्याएवढे उंच पळस, आणि त्यांना वेळेआधी फुटलेली तळहाताहून मोठी पानं, कोवळी, तांबूस, उन्हात चमचमणारी. दारापासून वीस पावलांवर.

गोदाबाईने एक पान घेतलं, कपाळाला लावलं, आणि वस्तीतल्या बायांना बजावून सांगितलं, “तीन फांद्यांतल्या एकीचीच पानं घ्यायची. आन् शेंड्याला हात लावायचा न्हाई. शेंडा झाडाचा.”

आता चालायचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे गुडघ्याची सूजही हळूहळू उतरली. धोंडिबाच्या म्हशी पळसांच्या सावलीत बसून रवंथ करू लागल्या. शेवंती पाचवीला मोठ्या शाळेत गेली. तिथल्या मास्तरांना पहिल्याच आठवड्यात तिच्या प्रश्नांनी घाम फुटला.

एकदा मास्तर सगळ्या वर्गाला घेऊन टेकडीवर आले. “मुलांनो, शहराच्या मध्यावर एवढं छान जंगल! सांगा बरं, हे कुणी लावलं?”

“सरकारनं!” एक मुलगा ओरडला.

“माळ्यानं!” दुसरा म्हणाला.

शेवंती उठून उभी राहिली. “कुणीच नाही, गुरुजी. ते इथेच होतं, खाली निजलेलं. आम्ही फक्त त्याला उठू दिलं.”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते खाली वाकले आणि त्यांनी मूठभर माती उचलून कानाशी धरली.

अशी ही बोडक्या टेकडीची गोष्ट. तुमच्या गल्लीमागेही एखादी टेकडी निजलेली असेल, तर तीही अशीच उठो, आणि ती उठेपर्यंत तिचा शेंडा कुणी न खुडो.